संत रोकांचा कुत्रा

भाविकहो, स्पॅनिश राजवटीतल्या मेक्सिकोत, डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव होतं. तिथल्या चर्चमध्ये फादर आन्सेल्मो राहत. लोक त्यांना जिवंतपणीच संत मानत. वेदीमागे पार छतापर्यंत संतांच्या कोरीव लाकडी मूर्ती होत्या आणि त्या पुसायचं काम म्हाताऱ्या तोमासाचं. प्लेगच्या साथीत तिची लेक मरणाच्या दारातून परतली, ती संत रोकांना साकडं घातल्यावर. तेव्हापासून त्यांची मूर्ती पुसायला तिने एक दिवस चुकवला नव्हता.

एकदा मूर्तींची यादी करायला शहरातून डॉन बाल्तासार नावाचे विद्वान आले. प्रत्येक मूर्तीची खूण पुस्तकात बघून ते संत ओळखत. चावी दिसली की पेत्र, तलवार दिसली की पौल! संत रोकांपाशी मात्र घोडं अडलं. संत रोक रानात प्लेगने आजारी पडले, तेव्हा एका कुत्र्याने भाकरी आणून त्यांना जगवलं. म्हणून भाकरी घेतलेला कुत्रा ही त्यांची खूण. पण मूर्तीपाशी असलेला लाकडी कुत्रा वाळवीने कधीच फस्त केला होता.

“खूण नाही, म्हणजे संत नाही. उतरवा आणि घाला चुलीत!” डॉननी फर्मावलं.

“अहो, संत रोकच आहेत ते! मांडीवर प्लेगची गाठ आहे, रंगाखाली. बोट फिरवून बघा की!” तोमासा म्हणाली.

“एक मोलकरीण मला संत शिकवणार?” डॉन हसले.

तोमासाचं डोकंच फिरलं. “जळ्ळं मेलं ते पुस्तक! हातच्या काकणाला आरसा कशाला हवा?” पण डॉनचं बोट काही पुढे येईना. डॉननी बोलावलेल्या सुतारांनी मूर्तीला दोर बांधला, तशी तिने रडत फादरांचे पाय धरले.

फादर तरी किती सांगणार! सकाळपासून तेही समजावून थकले होते. उसासा टाकून ते मूर्तीला म्हणाले, “बाबा रे, आमचं कुणी ऐकत नाही. आता तूच सांग.”

आणि काय नवल! दारातून एक हाडकुळा कुत्रा आत आला. तोंडात अख्खी भाकरी, तीही डॉनच्याच शिदोरीतली! तो थेट मूर्तीच्या पायाशी जाऊन बसला. हाकललं तरी हलेना, आणि भाकरीला दातही लावेना.

डॉनचा चेहरा उतरला. त्यांनी मूर्तीची मांडी चाचपली. गाठ बोटाला लागली. त्यांनी तिथेच गुडघे टेकून जमिनीला डोकं लावलं. “चुकलो, तोमासाबाई!”

“सकाळपासून घसा कोरडा केला हो मी!” तोमासाने डोळे पुसले आणि हातातलं फडकं त्यांच्यापुढे धरलं. “आता वाकलाच आहात, तर संतांचे पाय पुसून घ्या.”

डॉन बाल्तासारांनी फडकं घेतलं आणि संतांचे पाय पुसायला सुरुवात केली.