सब्ज्याची उभी दुडकी

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका. इतकी जुनी, की त्या राज्याचे नाव सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

त्या राज्यात एक डाकस्वार होता. राजाचे खलिते एका गडावरून दुसऱ्या गडावर पोचवायचे, हे त्याचे काम. वय तिशीच्या पुढे गेलेले. घोडा कसा पळवावा हे त्याच्याइतके कोणाला कळत नसे आणि पळण्यापलीकडे घोड्याला काही येते हे त्याच्या गावीही नव्हते. टाच मारायची, लगाम सैल सोडायचा, संपले.

एकदा सणाच्या मिरवणुकीत त्याने राजाच्या अंबारीपुढे चालणारा घोडा पाहिला. मिरवणूक थांबली तशी त्या घोड्याने उभी दुडकी धरली. म्हणजे तो दुडकत होता, पण पुढे जात नव्हता. पाय तालात उचलले जात होते आणि खूर पुन्हा त्याच जागी पडत होते. पाठीवरचा स्वार नुसता बसला होता. टाच नाही, चाबूक नाही, तोंडाने साधा आवाज नाही. डाकस्वार बघतच राहिला. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा त्याचा खलिता उशिरा पोचला आणि त्याने किल्लेदाराची बोलणी खाल्ली. ती त्याला ऐकूसुद्धा आली नाहीत.

मग त्याने शिकवणारा शोधायला सुरुवात केली. एका चाबूकस्वाराने त्याला कोवळे शिंगरू दिले. याला काही येत नव्हते आणि शिंगराला त्याहून कमी. दोघांनी मिळून महिनाभर नुसती धूळ उडवली. दुसऱ्याने झाडाखाली बसवून चार महिने बोलून शिकवले. बोलणे संपले तेव्हा डाकस्वाराला उभ्या दुडकीबद्दल सगळे सांगता येत होते, करता काहीच येत नव्हते.

शेवटी एका नालबंदाला त्याची दया आली. "अरे, ज्याला येतंय त्याच्या पाठीवर बस की. तू आणि ते शिंगरू, दोघं एकमेकांना काय शिकवणार, कपाळ? डोंगरापलीकडे एक पागा आहे. तिथं म्हातारे घोडे शिकवतात."

डाकस्वाराने रजा मागितली. दरबारातून निरोप आला, "एक वर्ष देतो. वर्षाअखेर आमचा पारखी येईल. उभी दुडकी दाखवलीस, तर अंबारीपुढचा स्वार तू. नाही दाखवलीस, तर जन्मभर खलिते वाहा आणि पुन्हा असला हट्ट धरू नकोस."

डोंगरापलीकडच्या त्या पागेत सहा घोडे होते. सगळे उतारवयाचे. राजाच्या मिरवणुकांतून निवृत्त होऊन आलेले. त्यांची देखभाल एक वाकलेला वस्ताद करी. त्याने डाकस्वाराला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि सब्जा नावाच्या पांढुरक्या घोड्यावर बसवले.

डाकस्वाराने सवयीने टाच मारली. सब्जा तीरासारखा फाटकातून निघाला तो थेट शेजारच्या ज्वारीत शिरला. वस्ताद पोट धरून हसला.

"विचारलंस तेच केलं बघ त्यानं!"

"मी कुठं विचारलं, वस्ताद? मी तर नुसती टाच मारली."

"इथं त्यालाच विचारणं म्हणतात. हुकूम बाहेर ठेवून यायचा. आणि एक नियम डोक्यात पक्का बसव. सब्जा पंचवीस वर्षांचा आहे, तो चुकत नाही. तो थांबला, की समज, तू चुकीचं विचारलंस. त्याच्यावर रागवायचं नाही. आपली मांड तपासायची, गुडघा तपासायचा, श्वास तपासायचा आणि पुन्हा विचारायचं."

त्या काळी जनावरे बोलत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण शिकवणारे घोडे फारसे बोलत नसत. स्वार पाठीवर असताना तर मुळीच नाही. सब्जा पाठीनेच सांगे. डाकस्वार एका अंगाला कलला, की सब्जा त्याच अंगाला जाई. त्याने श्वास कोंडला, की सब्जा उभा राही. दिवसातून पन्नास वेळा उभा राही. दुसरा कोणी असता तर चिडला असता. पण डाकस्वार नियम पाळणारा माणूस. तो मुकाट्याने स्वतःची चूक शोधी, ती दुरुस्त करी, आणि सब्जा लगेच चालू लागे. पावसाळा सरेपर्यंत त्याला आडवी चाल आली. थंडीत गिरकी आली.

आणि या सगळ्यात त्याचा त्या घोड्यावर जीव जडला. सब्ज्याचे दात झिजले होते, म्हणून तो हरभरा भिजत घालून स्वतःच्या हाताने भरडून देई. पागेतल्या मोतद्दाराला हात लावू न देता खरारा स्वतः करी. सब्जाही त्याच्या मानेशी नाक आणून ऊन श्वास सोडत उभा राही. इतकी वर्षे इतके घोडे पळवले, त्यांतल्या एकाचाही चेहरा आपल्याला आठवत नाही, याची डाकस्वाराला लाज वाटू लागली.

एके दिवशी त्याने नेहमीसारखेच विचारले, आणि खाली काहीतरी वेगळे झाले. सब्ज्याची पाठ वर आली. एक, दोन, तीन. तीनच ठोके उभी दुडकी झाली आणि थांबली. डाकस्वार खाली उतरून लहान पोरासारखा रडला. पुढे तिनाचे बारा झाले, बाराचे वीस झाले.

वर्ष भरले आणि पारखी आला. सकाळी डाकस्वाराने खरारा केला तेव्हा सब्जा ठणठणीत होता. मैदानात आडवी चाल झाली, गिरकी झाली. पारख्याने मान डोलावली. मग डाकस्वाराने उभी दुडकी विचारली.

सब्जा थांबला.

डाकस्वाराने मनात म्हटले, माझा श्वास अडकला असणार, पारखी बघतोय ना. त्याने श्वास मोकळा केला आणि पुन्हा विचारले. सब्जा थांबला. त्याने मान वळवून डाकस्वाराच्या गुडघ्याला नाक लावले. डाकस्वाराला वाटले, गुडघा जड झालाय, तेच हा सांगतोय. त्याने गुडघा हलका केला. तिसऱ्यांदा विचारले. सब्जा पुन्हा थांबला आणि या वेळी त्याच्या अंगावर बारीक काटा आला.

भिंतीपाशी उभा असलेला वस्ताद डोळे बारीक करून स्वाराची मांड बघत होता.

डाकस्वाराने डोळे मिटले. मिळणारे पद, पारखी, खलिते, सगळे त्याने बाजूला सारले. वर्षभर जे जे शिकला ते गोळा केले आणि असे विचारले, की त्यात एका केसाचीही चूक नव्हती. वस्तादाच्या तोंडून "वा!" निघून गेले.

सब्ज्याने लांब श्वास सोडला आणि पाय उचलला.

तशी उभी दुडकी त्या मैदानाने पाहिली नव्हती. वीस ठोके झाले, तीस झाले. पारखी बसल्या जागेवरून उठला. मोतद्दार हातातली कामे टाकून धावत आले. पस्तिसाव्या ठोक्याला सब्ज्याचा मागचा डावा पाय वर आलाच नाही. तो मागच्या मागे खाली बसला आणि मग आडवा झाला.

वस्तादाने पायावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. आडव्या चालीत किंवा गिरकीत कधीतरी आतली नस लचकली होती. ती आता तुटली होती. जो घोडा उभा राहू शकत नाही तो जगत नाही, हे तिथे कोणाला सांगावे लागले नाही.

डाकस्वार सब्ज्याचे डोके मांडीवर घेऊन मातीत बसला. आता स्वार पाठीवर नव्हता. सब्जा बोलला.

"आज फार छान विचारलंस."

"दुखत होतं तर सांगायचं नाही का रे?"

"तीनदा सांगितलं."

"मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

"वाटणारच. मीच तुला तसं शिकवलं. चौथ्यांदा इतकं नीट विचारलंस, की नाही म्हणवेना. इतकी माणसं पाठीवर बसली, पण असं कोणी विचारलं नव्हतं रे."

तिसऱ्या दिवशी दुपारी सब्जा गेला.

डाकस्वार वस्तादापाशी येऊन म्हणाला, "वस्ताद, मी नियम पाळला हो."

"पाळलास. म्हणूनच तर झालं," वस्ताद म्हणाला. "आणि मी काय करत होतो? तो तिसऱ्यांदा थांबला तेव्हा मी दहा पावलांवर उभा होतो. मी त्याच्या पायाकडे बघायला हवं होतं. मी तुझ्या गुडघ्याकडे बघत बसलो." म्हातारा तोंड फिरवून रडला.

दरबाराने शब्द पाळला. सणाच्या मिरवणुकीत डाकस्वार राजाच्या अंबारीपुढे निघाला. अंगात नवा अंगरखा, खाली तरणाबांड घोडा. चौकात त्याने उभी दुडकी विचारली. घोडा क्षणभर अडखळला. कदाचित ढोलांना बुजला असेल, कदाचित माशी चावली असेल. डाकस्वार तिथल्या तिथे खाली उतरला, गुडघ्यांवर बसला आणि घोड्याचे चारही पाय एकेक करून चाचपू लागला. मागे हत्ती थांबला, वाजंत्री थांबली, सगळी मिरवणूक खोळंबली. लोक हसले. राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

पुढच्या चौकात घोडा पुन्हा अडखळला आणि डाकस्वार पुन्हा उतरला.

दुसऱ्या वर्षी अंबारीपुढे वेगळा स्वार होता. डाकस्वाराने त्याबद्दल कोणाकडे तक्रार केली नाही. तो पुन्हा खलिते वाहू लागला. वाटेत घोडा थांबला की तो खाली उतरे, आणि त्याचे खलिते नेहमी उशिरा पोचत.

या गोष्टीतून घ्यायचे ते एवढेच: मागायचे कसे हे कितीही नीट शिका, पण जीव लावणाऱ्याचे 'नाही' ओळखायला त्याआधी शिका.