पाय ओले झाले की थांबावे

"सर, तुम्ही थट्टा करताय ना माझी?"

डॉ. ऋजुता देवस्थळी उभीच होती. पुढे सरकवलेली खुर्ची तिने पाहिलीसुद्धा नाही.

डोंगरवार सर अंगणात बसून उकडलेले सिंगाडे सोलत होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"उद्या अभ्यास मंडळाची बैठक आहे. पर्यावरणाच्या पेपरला कोणतं पुस्तक लावायचं ते ठरणार. सगळे तुमच्याच तोंडाकडे बघणार. आणि तुम्ही शिफारस करणार ती… त्या निळ्या पुस्तकाची?"

"होय जी."

"माझ्या नाही?"

"नाही."

 

ती पुण्याहून पूर्व विदर्भातल्या या तालुक्याच्या गावी नोकरीला आली, तेव्हा सर त्याच विभागातून निवृत्त झालेले होते. त्यांनीच तिला हा मुलूख पायी फिरवला. कोणत्या तलावावर सारस उतरतात, कोणत्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, कमळं राहतात, सगळं दाखवलं. तिने त्यांना गुरू मानलं आणि चार वर्षं घासून लिहिलेलं पुस्तक त्यांनाच अर्पण केलं. गुरूला पुस्तक अर्पण केलं की गुरू आपल्या खिशात, असं तिला वाटत असावं. शिष्यांना असं वाटतंच.

"त्या निळ्या पुस्तकात काय आहे सर?" आता तिचा आवाज चढला. "लेखक जाऊन जमाना झाला. ओझोनची माहिती शिळी. लोकसंख्या बापजाद्यांच्या काळातली. प्लास्टिकची बादली म्हणजे गृहिणींना मिळालेली देणगी, असं छापलंय त्यात! हे मी मुलांना शिकवू?"

"ते चुकलंच आहे," सर म्हणाले.

"मग?"

"सिंगाडा घ्या."

तिने घेतला नाही.

"माझ्या पुस्तकात एक तरी चूक दाखवा."

"नाही जी. एकही नाही. मी सगळं वाचलं."

"तरीही…?"

सरांनी हात धोतराच्या सोग्याला पुसले. आत जाऊन ते निळं पुस्तक घेऊन आले. पाठ उसवलेली, कोपरे उंदरांनी चाखलेले. त्यांनी एक पान उघडून तिच्यासमोर धरलं.

"या पुस्तकातला एक धडा चालून पाहू. फक्त एक. धडा फसला, तर उद्या मी तुमच्या पुस्तकासाठी बोलतो. शब्द देतो."

ऋजुताने पान वाचलं. 'पाणथळ जागेची ओळख' असा मथळा होता. खाली मोठ्या टायपात लिहिलं होतं:

'मारुतीच्या देवळापासून निघावे. सकाळचे ऊन डाव्या गालावर घ्यावे. कुंभारांच्या भट्ट्या मागे टाकाव्या. मोठ्या चिंचेखाली थोडे बसावे. मग तलावाची पाळ चढून उतरावी. पाय ओले झाले की थांबावे. तेथून जे दिसेल ते वहीत लिहावे.'

तिला हसू आलं. एवढ्या मोठ्या वादाचा निकाल इतक्या सोप्या धड्यावर लागणार असेल, तर तिची काही हरकत नव्हती.

"चला," ती म्हणाली.

मारुतीचं देऊळ जागेवर होतं. मारुती सहसा जागा सोडत नाहीत.

ऊन डाव्या गालावर घेत दोघं निघाली. सर पुढे, ती मागे. पुस्तक तिच्या हातात.

कुंभारांच्या भट्ट्या नव्हत्या. तिथे मोबाईलची दुकानं होती.

"पहिली चूक," ऋजुता म्हणाली.

"याला काय म्हणतात, विचारा कोणाला."

तिने दुकानाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं.

"हा कुंभारपुरा, बाई," तो म्हणाला. "भट्ट्या गेल्या, नाव राह्यलं."



चिंच होती. तिच्या बुंध्याला खिळे ठोकून कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फलक लटकवलेला होता. सर चिंचेखाली बसले. ऋजुता घड्याळ बघत उभी राहिली.

"बसा, मॅडम. धड्यात लिहिलंय."

ती बसली. या वाटेने ती कधी आलीच नव्हती. तिचं घर बसस्थानकाकडे. स्कूटरवरून नव्या रस्त्याने कॉलेज आणि त्याच रस्त्याने घरी.

"सर, या तलावाचं नाव काय? तुम्ही मला इतके तलाव दाखवलेत. हा कसा राहिला?"

सरांनी जमिनीवरचा एक चिंचोका उचलला. बोटांत फिरवत राहिले…

"उठा," शेवटी म्हणाले. "ऊन चढून राहिलं."

पुढे खरोखरच पाळ होती. मातीचा लांबच लांब उंचवटा, वर पळसाची झुडपं आणि गावभरचा कचरा. पण होती. पाळ आहे म्हणजे पलीकडे पाणी असणारच. ऋजुताची पावलं आपोआप भरभर पडू लागली. वादबीद ती विसरली. काही झालं तरी ती मनापासून तलावांवर जीव असलेली बाई होती. पुढच्या पानावर लिहिलेलं तिने चालता चालता मोठ्याने वाचलं, "'सिंगाड्याच्या वेलींमधून ढिवर कोळ्यांच्या लाकडी होड्या, डोंगे, फिरताना दिसतील. थंडीत पाहुणी बदके येतात. बोलू नये. उडून जातील.'"

पाळीच्या माथ्यावर पोचेपर्यंत तिने आवाज खरंच खाली आणला होता.

समोर पाणी नव्हतं.

समोर पिवळ्या इमारतीची पाठ होती. भिंतीवर खालून वर हिरवं शेवाळ चढलेलं. लोखंडी चौकटीवर एक कूलर टांगलेला, त्याच्या अंगाला निळा रंग फासलेला.

तो रंग तिनेच मागवला होता. कूलर गंजतो म्हणून.

"सर…"

सर पाळ उतरू लागले होते.

"सर, हा माझा कूलर आहे! ही माझी केबिन आहे!"

सर थांबले नाहीत. ती जवळजवळ धावतच खाली आली. इमारतीला वळसा घालून दोघं पुढच्या व्हरांड्यात आली. दारावर पाटी होती, पर्यावरणशास्त्र विभाग. त्या पाटीखालून ती रोज आत जायची.

ऋजुता दाराची चौकट धरून उभी राहिली.  

आतल्या भिंतीला गुडघाभर ओल. कपाटांच्या पायांखाली विटा. फरशीवर शिपायाने अंथरलेलं गोणपाट. या ओलीसाठी तिने इतकी वर्षं ठेकेदाराला शिव्या घातल्या होत्या. प्राचार्यांकडे तक्रारी केल्या होत्या. सिमेंटमध्ये खाल्लं मेल्याने, असं सगळ्यांना सांगितलं होतं.

"कोणी बुजवला?"

"कॉलेजनं."

"कशासाठी?"

"विभागासाठी जागा पाहिजे होती."

"कोणत्या विभागासाठी?"

सरांनी पाटीकडे बोट दाखवलं. तिने वर पाहिलं नाही. पाटी तिला पाठ होती.

"पर्यावरण शिकवायला… तलाव बुजवला?"

"होय."

"आणि कुणी काही बोललं नाही? एक माणूस नाही उभा राहिला?" तिचा आवाज चिरकला. "तुम्ही होतात ना इथे! तुम्ही नाही बोललात?"

"बोललो जी."

"काय बोललात?"



"उद्घाटनाचं भाषण माझंच होतं. खूप टाळ्या पडल्या."

ऋजुताने त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिला वाटलं, हा माणूस आपण आजच पहिल्यांदा पाहतो आहोत. ज्यांच्या मागे मागे ती चिखल तुडवत फिरली, सारस दिसला की ज्यांचे डोळे भरून यायचे, ते हेच? तिला त्यांचा भयंकर राग आला. त्यांना घरी पाठवावं, पुन्हा तोंड बघू नये, असंही वाटून गेलं.

सर दारापाशी खाली वाकले. चपला काढल्या. भिंतीला लावून नीट ठेवल्या. मग धोतर गुडघ्याच्या वर खोचलं, जसं पाण्यात शिरताना खोचतात. आणि उंबऱ्याबाहेर तसेच उभे राहिले. आत पाऊल टाकेनात.

व्हरांड्यातून जाणारी पोरं थबकली. कुणी हसलं नाही.

"आत या ना, सर," ऋजुता म्हणाली. सवयीनेच म्हणाली. म्हटल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. निवृत्त झाल्यापासून सर या खोलीत एकदाही आले नव्हते, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. बोलवलं की गुडघे दुखतात म्हणायचे. तलावांवर मात्र मैलोगणती चालायचे.

तिने सँडल काढले. सरांच्या चपलांशेजारी ठेवले. गोणपाट बाजूला सारलं आणि अनवाणी आत गेली.

फरशी गार होती. फरश्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं. तळवे ओले झाले.

ती थांबली.

तिथून तिला तिचं टेबल दिसत होतं. टेबलावर तिच्या नव्या पुस्तकाचा गठ्ठा होता. त्यात पाणथळ जागांचं प्रकरण होतं, रंगीत चित्रांचं, निर्दोष. सगळी उदाहरणं दूरदूरची. या खोलीत बसूनच तिने ते लिहिलं होतं.

तिला रडू आलं. तिने ते आवरलं नाही.

मग डोळे पुसत म्हणाली, "सर, उद्या जुन्या पुस्तकाची शिफारस मी करते. माझं मागे घेते."

सर अजून उंबऱ्याबाहेरच होते.

"ओझोन, लोकसंख्या, प्लास्टिक, तेवढं मात्र बदलावं लागेल. माझ्या पुस्तकातून घेऊ."

"घ्या. ते चांगलं लिहिलंय तुम्ही."

"आणि हे पान." तिने निळं पुस्तक उघडलं. ओला हात लागू नये म्हणून पदराला पुसून घेतला. "हे तर पहिल्यांदा दुरुस्त करायला हवं. इथे तलाव नाही, सर. बदकं नाहीत, डोंगे नाहीत. मुलांच्या हातात खोटं पान कसं द्यायचं?"

सरांनी उंबऱ्याबाहेरूनच हात लांब केला. तिने पुस्तक दिलं. त्यांनी ते मिटलं आणि छातीशी धरलं…

"या पानाला हात लावू नका, मॅडम. हे दुरुस्त केलं, तर पोरं वाट चुकतील."