दाराशी बसणारी आक्का

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी, अशी ही गोष्ट आहे.

एका डोंगराच्या पायथ्याशी लहानसं गाव होतं. गावातले लोक प्रभूच्या मार्गाने चालणारे होते. दर रविवारी उपासना झाली की प्रार्थनाघरातच सगळ्यांचं प्रीतिभोजन होई. प्रत्येक जण घरून काही ना काही आणी. ते एकत्र करून वाढत. आलेल्या कोणालाही उपाशी पाठवायचं नाही, असा नियम होता.

वाढायला सुरुवात वेदीच्या बाजूने होई. दारापर्यंत येता येता आमटी पातळ होई आणि भाकऱ्यांचे तुकडेच उरत. शिवाय दारातून गार वारा येई. म्हणून दाराजवळची ती शेवटची जागा कोणालाच नको असे.

तिथे आक्का बसे.

आक्का विधवा होती. गोधड्या शिवून पोट भरी. एका हिवाळ्यात तिने आपली आतली जागा एका खोकणाऱ्या म्हाताऱ्याला दिली आणि स्वतः दाराशी जाऊन बसली. ते तिने अगदी मनापासून केलं होतं. पण लोकांनी ते पाहिलं आणि ते तिच्या नम्रतेचं कौतुक करू लागले. मग म्हातारा वारला, तरी आक्का तिथेच बसत राहिली.

“आक्का, स्वर्गातसुद्धा तुम्ही दाराशीच बसणार,” गावचा लोहार म्हणे. “आम्हाला आत जायचं तर तुम्हाला ओलांडूनच जावं लागेल.”

“तू आधी तिथवर पोहोच तर खरा, दादा,” आक्का म्हणे आणि सगळे हसत. आक्का मान खाली घाली. पण लोहाराचा तो शब्द दिवसभर तिच्या तोंडात गुळाच्या खड्यासारखा विरघळत राही.

एका धुकट रविवारी पलीकडच्या गावाहून पाहुणे आले. लोहार त्यांना म्हणाला, “आमच्या आक्कांना पाहून जा. नम्रता काय असते ते कळेल.” आक्काने ते प्रार्थनाघरामागच्या चुलीपाशी ऐकलं. तिने हात धुतले, पदर सारखा केला आणि ती पंगतीकडे आली.

तिच्या जागेवर एक मुलगी बसली होती.

मुलगी डोंगरावरच्या कोळसा पाडणाऱ्यांपैकी होती. अंगावरचं लुगडं काजळीने काळं झालेलं. डोळे तापाने लाल. भट्ट्या विझवून तिची माणसं दुसऱ्या रानात निघून गेली होती. आजारी पोर वाटेत ओझं होईल म्हणून तिला मागे ठेवलं होतं. इथे कोणालाही जेवायला मिळतं, एवढं ऐकून ती खाली उतरली होती.

पाहुणे आक्काकडेच बघत होते.

“पोरी, जरा वर सरकून बस,” आक्का गोड आवाजात म्हणाली.

“नको मावशी. माझी काजळी लागेल लोकांना. इथंच बरं आहे.”

“आमच्यात पाहुण्याला दाराशी बसवत नाहीत. वर जा, चांगलं वाढतील.”

“मला थोडंसंच हवंय.”

“अगं, तू इथं बसलीस तर मी कुठं बसू?” आक्का हसून म्हणाली. पाहुण्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

मुलगी उठली. दोन्ही पंगतींकडे पाहत ती हळूहळू पुढे गेली. एका बाईने पदर गुडघ्याखाली दाबून धरला. एकाने आपली पत्रावळ सरकवून मधली फट बुजवली. कोणी तिला जा म्हटलं नाही आणि कोणी ये म्हटलं नाही.

आक्काला हे सगळं दिसत होतं. पण चटईवर काजळीचा डाग पडला होता. तिने चटई उलटी केली आणि ती बसली. मान वर केली तेव्हा मुलगी तिथे नव्हती.

“गेली वाटतं,” लोहार म्हणाला. “रानातली माणसं. त्यांना पंगतीत बसायची सवय नसते.”

“ऐकलं होतं त्याहून आक्का थोर आहेत,” पाहुणे म्हणाले.

आक्काने घास उचलला. तो तिने परत पत्रावळीवर ठेवला. लगेच उठून मुलीच्या मागे जावं, असं तिला वाटलं. पण पाहुणे समोर होते. त्यांना ओढ्यापर्यंत पोहोचवून मग ती भाकरी पदरात बांधून डोंगर चढू लागली. धुक्यात वाट दिसत नव्हती. मुलगी सापडली तेव्हा दुपार कलली होती. विझलेल्या भट्टीच्या राखेत थोडी ऊब असेल म्हणून ती तिथे अंग मुडपून पडली होती.

आक्काने तिचं डोकं मांडीवर घेतलं. भाकरी कुस्करून तोंडाशी नेली. मुलीला ती चावता येईना.

“मावशी,” ती म्हणाली, “तुम्हाला बसायला मिळालं ना?”

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच काळजी वाटली होती. अंधार पडायच्या आत ती गेली.

गावाने तिला नीट मूठमाती दिली. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी प्रार्थना केली. मग लोक आक्काभोवती जमले.

“एका परक्या पोरीसाठी एकट्या डोंगर चढून गेलात,” एक बाई डोळे पुसत म्हणाली.

“मी तिला उठवलं,” आक्का म्हणाली. “ती जेवायला बसली होती. मी तिला उठवलं.”

“बघा,” लोहार इतरांना म्हणाला, “अजूनही दोष स्वतःकडेच घेतात. अशी नम्रता कुठं पाहायला मिळणार?”

आक्काने पुन्हा सांगितलं. पाळकांना सांगितलं, शेजारणीला सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं. जितकं सांगावं तितकी तिची कीर्ती वाढत गेली. तिचं म्हणणं खरं मानणारं कोणीच नव्हतं. कारण ते खरं मानलं असतं, तर त्या दिवशी आपण कोणी सरकलो का नाही, हेही प्रत्येकाला स्वतःला विचारावं लागलं असतं.

मरेपर्यंत लोक तिची स्तुती करत राहिले आणि तिला ती ऐकावी लागली.

तात्पर्य: समोरच्या भुकेल्या माणसापेक्षा जिला स्वतःचं नाव प्रिय वाटतं, ती नम्रता नव्हे, तो गर्वच असतो.