बोलणी खाण्याची खिंड

वाघजाईच्या पायरीवर हात ठेवून सांगतो, पुढे जे सांगणार आहे त्यातलं एक अक्षरही खोटं नाही. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे. म्हणजे घडून सात पिढ्या झाल्या आणि माझे डोळे पन्नास वर्षांचे आहेत. पण ऐकताना इतकं लख्ख दिसलं की पाहिल्यासारखंच. आणि हात पायरीवर ठेवला म्हणालो खरा, पण तो वीतभर वरच होता. पायरी उन्हाने तापलीय, तुम्हीच ठेवून बघा.

तर पाहुणे मंडळी, ही चवरखिंड. मागे राहिलं ते घाटावरचं उंबरमाळ, आणि समोर खोल खाली कौलं दिसतात ते कोकणातलं आसवली. आधी गवताकडे बघा. दोन्ही अंगांचा डोंगर अजून पिवळा-तपकिरी आहे, आणि मधला एवढाच पट्टा, बैलगाडीच्या रुंदीचा, पांढराशुभ्र. मार्गशीर्षात वारा सुटला की देवीवर कुणी चवरी ढाळावी तसा तो हलतो, म्हणून हे नाव.

आता त्या जांभळीखाली काय चाललंय तेही बघून घ्या, पण हसू नका. मान खाली घालून बसलेत ते गृहस्थ बँकेत मोठे अधिकारी आहेत. समोर उभा आहे तो मिशीवाला त्यांचा मेहुणा. त्याने आत्ताच त्यांच्या डोक्यातला एक केस उपटला, वाऱ्यावर सोडला, आणि आता त्यांना झापतोय. "जेवणाच्या वेळा पाळायला काय होतं रे तुला? पोट बघ केवढं सुटलंय! आणि एक फोन करायला हात दुखतात?" यावर अधिकारी काय म्हणाले, ऐकलंत? "हो गं." मिशीवाल्या मेहुण्याला "हो गं"!

इकडे पहिला पांढरा केस असाच काढतात. आपला आपण उपटायचा नाही. दुसऱ्याने उपटायचा, आणि उपटणाऱ्याने त्याच्या आईच्या तोंडाने त्याला एकदा चांगलं रागवायचं. ज्याचा केस, त्याने "हो गं" एवढंच म्हणायचं. हे असं का, ते सांगतो.

फार पूर्वी, असं सांगतात, उंबरमाळ आणि आसवली या दोन गावांत सोयरीक होती. वरच्या मुली खाली, खालच्या मुली वर. मग एका खोंडावरून बिनसलं. वरचा खोंड चरत चरत खाली उतरला, त्याला खालचं गवत आवडलं. तो परत येईना आणि खालचे परत देईनात. दोन्हीकडचे तरणे खिंडीत भिडले, गोफणी चालल्या, आणि संध्याकाळी प्रत्येक गावाने एकेक मुलगा खांद्यावरून घरी नेला. तेराव्यानंतर दोन्ही गावांचे म्हातारे याच पायरीशी बसले. त्यांनी भंडारा उचलून शपथ घेतली की यापुढे तरण्या माणसाने खिंड ओलांडायची नाही. तरणा कोण हे ओळखायचं कसं? तर डोक्यावर निदान एक पांढरा केस असेल त्यालाच वाट मोकळी. पांढऱ्या केसाचा माणूस धोंडा उचलण्याआधी आपल्या कंबरेचा विचार करतो, असा त्यांचा अंदाज. खिंडीत बांबूचं फाटक लागलं, दोन गावांचे दोन राखणदार बसले. राखणदार सोडून कुणाही काळ्या डोक्याने फाटकाच्या हाकेच्या अंतरातही यायचं नाही, असं ठरलं.

या शपथेच्या दोनच महिने आधी उंबरमाळच्या हौसाबाईची तानी आसवलीला नांदायला आली होती. वय बारा-तेरा. पहिल्या सणाला माहेरी जायचं म्हणून तिने गाठोडंही बांधून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. हौसाबाई विधवा, तानी एकुलती एक. आई वर, मुलगी खाली. मधे दीड तासाची चढण आणि एक पांढरा केस.

आणि नेमका तोच त्या घराण्यात मिळत नव्हता. हौसाबाईचे केस गुडघ्यापर्यंत, तव्याच्या बुडासारखे काळे. तिची आई म्हणे पंचाहत्तरीत वारली, तर सरणाशी जमलेल्या परगावच्या लोकांना वाटलं, सून गेली. ज्या केसांचा मायलेकींनी तोरा मिरवला होता, तेच आता आडवे आले.

आपण काय करतो हो, पहिला केस दिसला की? आधी उजेडाला दोष देतो. मग दार लावून घेतो, उपटतो, आणि दिवसभर उगाच चिडचिड करतो. आसवलीच्या बायाही तेच करायच्या. तानी मात्र रोज सकाळी परातीत पाणी घेऊन केस सोडून बसायची. एकेक बट उलगडून बघायची आणि सगळं डोकं काळंभोर निघालं की पदर डोळ्यांना लावायची. काळजीने केस पिकतात, असं कुणी सांगितलं तर म्हणाली, "आणखी कसली करू?"

एकदा ती भांगात तांदळाचं पीठ भरून फाटकाशी गेली. म्हादू राखणदाराने झऱ्याचं तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं. पीठ ओघळून नाकावर आलं. "भाकरी थापायला आलीस होय गं? मग तवा पण आणायचास!" दुसऱ्या वेळी शेजारणीने उपटून फेकलेला केस तिने अंगणातून उचलला आणि आपल्या केसाला गाठ मारून गेली. म्हादूने ओढून पाहिला, तो हातात आला. तेव्हा मात्र त्याने केस तिच्या हातावर ठेवला आणि पाठ करून उभा राहिला.

म्हाताऱ्यांना वाट मोकळी असली तरी चढण झेपत नव्हती. त्यामुळे नेमाने ये-जा करणारा माणूस एकच, केरबा कासार. पंचविशीतच त्याचं डोकं कापसासारखं झालेलं. त्यापायी लग्न जमेना म्हणून पूर्वी कुढायचा. आता त्याच डोक्याची दोन्ही गावांतल्या बाया वाट बघायच्या. तो ओसरीवर बसून तानीच्या हातात बांगड्या भरायचा आणि भरता भरता निरोप सांगायचा. हौसाबाईची जीभ तिखट.

"आई म्हणते, एवढ्या बांगड्या फुटतात कशा? भांडी घासतेस की भिंती पाडतेस?"

"आई म्हणते, कढीत गूळ कमी घाल. सासरच्यांना लाडावून ठेवू नकोस."

"आई म्हणते, धाकटा तीन वर्षांचा झाला, अजून कडेवर? कंबर मोडून घे."

तानी प्रत्येक निरोपाला "हो गं" म्हणायची, जणू समोर आईच बसलीय. मग विचारायची, "केस?"

"अजून काळेच."

"माझेही. सांगा तिला."

अशी वीसएक वर्षं गेली. पुढची चार वर्षं मात्र हौसाबाईचे निरोप मऊ झाले. आई म्हणते, माझी तानी गुणाची. आई म्हणते, जिवाला जप. तानीला वाटायचं, वय झालं, माणूस मऊ होतंच. केस? अजून काळेच.

मग कार्तिकात एका सकाळी केरबा असाच बांगड्या भरत होता. तानीची मान खाली होती. त्याची नजर तिच्या भांगाकडे गेली आणि हातातल्या तीन बांगड्या एकामागून एक फुटल्या. उभ्या जन्मात त्याने बांगडी भरताना फोडली नव्हती.

"काय झालं हो, केरबाकाका?"

"काही नाही. केसांत कुसळ अडकलंय, थांब," म्हणत त्याने चिमूट पुढे केली. पण पलीकडे तांदूळ निवडत बसलेली सासू तेवढ्यात उठून आली. "हात मागं घ्या! कुसळ कसलं? अगं तान्ये, पिकला की गं!"

तानीने घरोघर गूळ वाटला. मग ते जुनं गाठोडं काढलं, पोरं सासूवर सोपवली आणि खिंड चढली. म्हादूचंही डोकं आता पांढरं झालेलं. त्याने पाणी ओतलं, केस धरून ओढला. "आई गं!" तानी ओरडली. केस जागचा हलला नाही. फाटकाची एक झडप उघडली असती तरी ती गेली असती, पण म्हादूने दोन्ही उघडल्या.

हौसाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. केस तसेच काळे. तिने पाहिलं, सूप खाली ठेवलं, लेकीचं डोकं धरून पुढ्यात ओढलं आणि कुठलीही आई करेल तेच केलं. केस उपटला! "एवढ्यात पिकवलास? जेवत नव्हतीस की झोपत नव्हतीस? आणि पोरं कुणाच्या जिवावर टाकून आलीस?" तानी म्हणाली, "हो गं." मग दोघींचं लक्ष एकदमच त्या चिमटीकडे गेलं. केसच डोक्यावर नाही, तर आता परत जायचं कसं?

पाच दिवस तानी माहेरी राहिली. सहाव्या दिवशी पळसाच्या पानात तो केस गुंडाळून मायलेकी खिंडीत आल्या. म्हादूला दाखवायला पान उघडलं आणि वाऱ्याने केस उडवला. मग जी शोधाशोध सुरू झाली! दोन्ही राखणदार गवतात वाकले. खालून तानीची पोरं धावत आली, त्यांच्यामागे बाप, बापामागे गाव. वरून उंबरमाळ उतरलं. दिवस मावळेपर्यंत दोन्ही गावं गुडघ्यांवर बसून एक केस शोधत होती. काळी डोकी काळ्या डोक्यांवर आपटत होती आणि शपथ कुणाच्या ध्यानातही उरली नव्हती. केस काही सापडला नाही. पुढल्या वर्षी तेवढ्या पट्ट्यात गवत पांढरं आलं.

आजही तिथलंच गवत आधी पांढरं होतं, आणि आजही दोन्ही गावांची माणसं, मुंबईला असोत की सुरतेला, पहिला केस दिसला की इकडे येतात. ज्यांची आई आहे ती बरोबर घेऊन येतात आणि हसत जातात. ज्यांची नाही ती जरा जास्त वेळ बसतात. माझा केस माझ्या थोरल्या बहिणीने काढला. अर्धा तास बोलत होती. आई असती तर पाच मिनिटांत आटोपलं असतं.

इथवर ऐकून पाहुणे सहसा फोटो काढतात आणि उतरायला लागतात. गेल्या वर्षी एक ताई मात्र हलेनात. म्हणाल्या, "बाकी सगळं पटलं. पण केरबाच्या हातून बांगड्या का फुटल्या? आणि तो केस काढून टाकायला का निघाला होता?"

ऊन कललं होतं. पायरी गार झाली होती. या खेपेला मी खरोखर हात ठेवला.

गावं गुडघ्यांवर बसली, ते मी रचलंय. फाटक वाळवीने खाल्लं आणि नवं बांधायचा दोन्ही गावांनी कंटाळा केला. शपथ सुटली ती अशी. आणि सूप घेऊन अंगणात बसलेली हौसाबाई, तीही माझीच. तानी पोचली तेव्हा त्या अंगणात गुडघाभर गवत होतं. हौसाबाईला जाऊन चार वर्षं झाली होती. केस शेवटपर्यंत काळे.

हे फाटकावर म्हादूला ठाऊक होतं, आणि खाली एकट्या केरबाला. पहिल्या फेरीलाच तो सांगणार होता. पण तानीने हात पुढे केला, विचारलं, "केस?" आणि त्याच्या तोंडून निघालं, "अजून काळेच." त्यात खोटं काहीच नव्हतं. पुढचे निरोप मात्र त्याला रचावे लागले, आणि रागवणं काही त्याला सुचेना. गोडच सुचायचं. केरबाचं लग्न पुढे जमलं, तोच आमचा मूळपुरुष. ही मागची बांगड्यांची टपरी आमचीच. थापा आमच्या घरात तेव्हापासून आहेत. मला त्या त्याच्याइतक्या जमत नाहीत, एवढंच.

सहाव्या दिवशी तानी एकटीच परत आली. त्या जांभळीखाली केरबा बसला होता, मान खाली घालून. ती त्याच्या समोर बसली, पदर मागे घेतला आणि डोकं वाकवलं.

"हा काढा, काका."

त्याने केस काढला. वाऱ्याने तो नेला, तिकडे, त्या पट्ट्याकडे.

"आता निरोप सांगा."

"तान्ये, आता कसला निरोप, पोरी..."

"शेवटचा. पण गोड नको. चार वर्षं गोड ऐकलंय मी. तिच्यासारखा सांगा."

केरबाने उपरण्याने तोंड पुसलं. घसा खाकरला. एकदा सुरुवात केली, ती जमली नाही. मग तो जोरात, अगदी फाटकावरच्या राखणदारांना ऐकू जाईल असा ओरडला, "आई म्हणते, एवढ्या उन्हाची, अनवाणी, रिकाम्या घरात काय बघायला आलीस गं, वेडे? पोरं खाली वाट बघत असतील. ऊठ! मागे वळून बघत बसू नकोस. घरी जा!"

तानी उठली. गाठोडं उचललं, पदर डोक्यावर घेतला, आणि म्हणाली, "हो गं."