हळदीच्या रंगाची गाडी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा रस्ते बैलांच्या खुरांनी पडायचे आणि जनावरांनाही बोलता यायचं. खरंच यायचं का, ते मला विचारू नका, गोष्ट ऐका.

एका गावात एक गाडीवान होता. त्याला लहानाचं मोठं केलं ते त्याच्या अक्कानं. ती डोंगरापलीकडे सासरी होती आणि तिची नजर दिवसेंदिवस मंदावत चालली होती. भावानं नवी बैलगाडी करायला घातली, तेव्हा तिनं निरोप धाडला, "गाडीला हळदीसारखा पिवळा रंग दे रे बाबा. तेवढा एक रंग मला अजून दिसतो. उंबऱ्यात बसून तुला येताना बघेन, मग डोळे गेले तरी चालतील."

गाडी तयार झाली. अहाहा, काय रंग तो! गाडीवान तिच्याभोवती फिरला आणि मग त्याला पुढचा प्रवास आठवला. डोंगराची वाट म्हणजे नुसत्या बोरीबाभळी. एक काटा घासला की संपलं!

"अक्काला गाडी कशी कोरी करकरीत दाखवायची," असं म्हणत तो रंग जपायचा उपाय शोधत सुटला.

म्हैस म्हणाली, "मी बाई चिखलात लोळते. माशीसुद्धा शिवत नाही."

पण चिखलाखाली रंग दिसणार कसा? मग त्याला बाभळीवर एक सोनकिडा दिसला. "काय रे, तुझी पाठ एवढी लखलखते. तू काय लावतोस?"

किडा बुचकळ्यात पडला. "लावायचं कशाला? मी आपला उडतो."

"सांगायचं नसेल तर राहू दे!" गाडीवान फणकारला.

शेवटी त्यानं स्वतःचंच डोकं चालवलं. गाडीला मेण चोपडलं. उन्हात मेण पाघळलं आणि गावभरची धूळ त्याला चिकटली. ते कसंबसं पुसून त्यानं वर गोणपाट घातलं, गोणपाटावर घोंगडी. आतला रंग तांबडा की निळा, यावर गावातली पोरं पैजा मारू लागली.

अक्काचा निरोप यायचा, "निघालास का?"

हा कळवायचा, "चिखल वाळू दे." पुढच्या खेपेला, "धूळ बसू दे."

एकदा बैलानं विचारलं, "मालक, गाडी अक्कासाठी केली की घोंगडीसाठी?"

"तू गप पेंड खा!"

मग अक्काचे निरोप यायचेच थांबले.  गाडीवानानं तशीच गाडी जुंपली, डोंगर ओलांडला आणि अक्काच्या गावच्या वेशीत घोंगडी काढली. गाडी उन्हात झळाळली.

अक्का उंबऱ्यातच बसली होती. चाकांचा आवाज ऐकून ती चाचपडत पुढे आली आणि गाडीवरून हात फिरवू लागली. "किती गुळगुळीत रे! एक ओरखडा नाही हो माझ्या भावाच्या गाडीला." मग हळूच म्हणाली, "रंग पिवळाच दिलास ना?"

गाडीवान ढसाढसा रडला.

त्या दिवसापासून गाडीवर घोंगडी पडली नाही. अक्काला शेजारी बसवून तो गावोगाव हिंडला. काटे लागले, ओरखडे उठले. अक्का एकेकावर बोट ठेवून विचारायची, "हा रे कुठला?" आणि तो सांगत बसायचा.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ज्याच्यासाठी जपायचं, त्याला ते वेळेवर दिलं नाही, तर जपलेलं सगळं वाया जातं.