नळयोजनेच्या पाइपातली मांजर

आडवाटेला मोरवडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात बुधाजी नावाचा एक भोळा माणूस होता. इतका भोळा, की गावाने त्याला ग्रामपंचायतीचा शिपाई केलं. सरपंच शिवरामअण्णा म्हणायचे, सांगितलं तेवढंच करणारा माणूस सरकारी कामाला चांगला. असं म्हणताना ते खुशीत असायचे.

पंचायतीच्या मागे सिमेंटचे मोठे पाइप पडले होते. नळयोजनेचे. योजनेचं भूमिपूजन झालं, पाइप आले आणि तिथेच गाडं अडलं. पाणी काही आलं नाही, मांजर मात्र आली. भुरकट रंगाची, रानात वाढलेली, माणूस दिसला की फिस्कारणारी. तिने अगदी आतल्या पाइपात पिल्लं घातली. नळयोजनेचा मोरवडीत कुणाला फायदा झाला असेल, तर तो तिलाच.

त्याच सुमारास आमदारसाहेब उद्घाटनाला येणार असं कळलं. त्याच योजनेच्या. अण्णांनी बुधाजीला बोलावून फर्मावलं, साहेब यायच्या आत पाइप रिकामे दिसले पाहिजेत. मांजर आणि पिल्लं पोत्यात भरायची आणि डोंगरापलीकडे टाकून यायची.

बुधाजी पोतं घेऊन गेला. वाकून पाइपात पाहिलं. पिल्लांचे डोळेसुद्धा उघडले नव्हते. मांजर फिस्कारली, पण पिल्लांवरून उठली नाही. तिच्या अंगावर मांस म्हणून नव्हतं. त्याने ते पोतं पिल्लांच्या बाजूलाच अंथरलं आणि घरी येऊन बायकोला, अनसूयेला, सगळं सांगितलं.

अनसूया शहाणी होती. ती म्हणाली, "रानची मांजर हाय ती. अंगाशी जाऊ नका, बोलू नका. खायला लांब ठेवा आन् आडोशाला गप बसा. तिची ती खाईल."

बुधाजीने तसंच केलं. दूधभात लांब ठेवला आणि भिंतीआड दडून बसला. मांजर आली, ताटली चाटून पुसून गेली. बुधाजीला फार बरं वाटलं. खाऊ घालायची खरी रीत आपल्याला आज कळली, असं त्याच्या मनाने घेतलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून पाहणीला अधिकारी आले. अण्णांनी चहा-पोहे द्यायला सांगितलं. बुधाजीने बशा आणल्या, लांब कडुलिंबाखाली मातीत मांडल्या आणि भिंतीआड जाऊन गप बसला. अधिकारी आत वाट बघत राहिले. पोहे कावळ्यांनी खाल्ले. चहाला मुंग्या लागल्या. शेवटी अण्णा शोधत आले, तेव्हा बुधाजीने तोंडावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, "अण्णा, तुमीबी खाली बसा. माणूस दिसला तर ते यायचे न्हाईत."

पाहुणे उपाशी गेल्यावर अण्णांनी त्याला झाड झाड झाडला. दारात कुणी आलं की सामोरं जायचं, हाताला धरून आत आणायचं, खुर्चीवर बसवायचं, पोटभर खाऊ घातल्याशिवाय हलू द्यायचं नाही, हे त्याच्याकडून घोकून घेतलं. बुधाजी घरी जाईपर्यंत घोकत होता.

पुढे आलं कोण, तर पाटलांचा कुत्रा. पाइपांशी हुंगत होता. बुधाजी सामोरा गेला. त्याचा पुढचा पाय धरून त्याला आत आणला. धड खुर्ची एकच होती, अण्णांची. तिच्यावर त्याला बसवला आणि अण्णांच्या डब्यातली भाकरी-कालवण वाढलं. कुत्रा जेवला, खुर्चीवरून उतरला आणि सरळ पाइपात घुसला. मग जो कालवा झाला, तो वेशीपर्यंत ऐकू गेला. मांजरीने त्याचं नाक फोडलं, तरी त्याने एक पिल्लू मानेला धरून बाहेर ओढलंच. अनसूया धुणं टाकून धावली. तिने कुत्र्याच्या तोंडावर बादली रिकामी केली, म्हणून पिल्लू वाचलं. त्याच्या मानेला जखम झाली होती. बुधाजी त्याच्याकडे बघत उभा राहिला आणि त्याला रडू आलं. आपण पाहुणचारात कुठे कमी पडलो, ते त्याला समजेना.

अनसूयेने त्याला ताकीद दिली, की पिल्लांपाशी कुणीही उपरा फिरकला तर काठी घ्यायची आणि वेशीबाहेर काढायचा. कोण, कुठला, विचारत बसायचं नाही.

आणि जखमेसाठी तिने तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात निरोप धाडला. तिथल्या निगडेबाई डॉक्टर मायेच्या होत्या. त्या औषधांची पिशवी घेऊन एस्टीने आल्या आणि विचारत विचारत पाइपांपाशी वाकल्या. बुधाजीने काठी घेतली. कोण, कुठल्या, विचारलं नाही. बाई पुढे, बुधाजी मागे. वेशीपाशी बाईंची एक चप्पल राहिली. अनसूयेने धावत जाऊन त्यांना गाठलं, पाया पडली आणि परत आणलं.

बाईंनी पिल्लाला औषध लावलं. मग बुधाजीला समोर बसवून, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "ही मांजर वाईट नाही. ती घाबरली की फिस्कारते. पिल्लं खायला लागली की तिला एक वेळ उपाशी ठेवा आणि पिंजऱ्यात सुकट ठेवा. आत शिरली की दार लावायचं आणि वर चादर टाकायची. अंधारात ती शांत होते. मग माझ्याकडे आणा. मी ऑपरेशन करते, म्हणजे पुढची वीण थांबेल. खूण म्हणून कानाचं टोक कापते. मग जिथून धरली तिथेच सोडायची."

साहेबांची तारीख नेहमीसारखी पुढे जात राहिली, त्यामुळे पिल्लांना मोठं व्हायला सवड मिळाली. आणि काय नवल, बुधाजीने यावेळी सगळं बरोबर केलं. मांजर पिंजऱ्यात आली, ऑपरेशन झालं, कान कापलेली मांजर पाइपात परत आली. पिल्लं अनसूयेने घरोघरी दिली. मानेवर जखमेची खूण असलेलं तेवढं स्वतःच्या चुलीपाशी ठेवून घेतलं. गावाने बुधाजीची पाठ थोपटली. इतकं कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. बाईंचा शब्द न् शब्द त्याने काळजात जपून ठेवला.

मग एकदाचे आमदारसाहेब आले. अण्णांनी चौकात एक तोटी उभी केली होती आणि तिच्यामागे कनातीआड टँकर लपवला होता. साहेबांनी तोटी फिरवली, पाणी आलं, टाळ्या झाल्या. पण गंगूबाई नावाची एक म्हातारी तोटीला जोडलेल्या नळीच्या मागोमाग गेली आणि तिने कनात वर केली. बायका हंडे घेऊन पुढे सरकल्या आणि खरं पाणी कधी येणार ते विचारू लागल्या. साहेब खवळले. अण्णांवर ओरडले, बायकांवर ओरडले, माइकवर ओरडले.

अण्णांना घाम फुटला. त्यांनी बुधाजीला कोपराने ढोसलं आणि कसंही करून साहेबांना शांत कर, असं सांगितलं.

बुधाजीने साहेबांकडे नीट पाहिलं. ते घाबरलेले होते. सकाळपासून उपाशीही होते. काय करायचं ते त्याला लख्ख ठाऊक होतं. त्याने साहेबांसाठी रांधलेल्या मटणाचं ताट साहेबांच्या गाडीत मागच्या सीटवर नेऊन ठेवलं. वासाने म्हणा, बायकांना चुकवायला म्हणा, साहेब आपणहून आत शिरले. बुधाजीने दार लावलं. कार्यक्रमाची सतरंजी उचलून गाडीच्या मागच्या बाजूवर टाकली आणि काचा झाकून घेतल्या. मग स्वतः पुढे बसून ड्रायव्हरला तालुक्याच्या दवाखान्यात घ्यायला सांगितलं. साहेबांना बरं नसेल, असं वाटून ड्रायव्हरने गाडी पिटाळली.

बाईंनी सांगितलं ते खरं होतं. अंधारात साहेब शांत झाले. जेवले आणि झोपी गेले.

गुरांच्या दवाखान्यापाशी गाडी थांबली. निगडेबाई बाहेर आल्या. बुधाजीने हळूच सतरंजीचा कोपरा उचलून त्यांना आत दाखवलं. आतून घोरण्याचा आवाज येत होता. बाई दचकून दोन पावलं मागे सरकल्या.

"आवाज करू नका, बाई," बुधाजी कुजबुजला. "निवडणूक आली की गावात येतं, खातं आन् फिस्कारतं. वाईट न्हाई, नुसतं घाबरलंय. ऑपरेशन करून द्या, पुढची वीण थांबंल. सांजच्याला मी जिथून धरलं तिथंच चौकात सोडतो. फकस्त कानाचं टोक कापायला इसरू नका. पुढच्या खेपेला मत मागायला आलं, की लोकांना कळाय पायजे, ह्याचं झालंय."