एकोणीस घोडे

“मग उरलेले एकोणीस घोडे गेले कुठं?” बाबालाल वस्तादांनी विचारलं.

अभिराज इंगवलेकडं उत्तर तयार होतं. त्यानं फाईल उघडली.

वस्तादांनी फाईलकडं पाहिलं नाही. ते दारात उभ्या असलेल्या गाडीकडं पाहत होते. गाडी जुनी, पांढरी, तेराशे सीसीची. आतलं इंजिन मात्र नवं. अभिराजनं अकरा महिने खपून ते स्वतः बांधलं होतं. रिकाम्या ब्लॉकपासून शेवटच्या नटापर्यंत सगळं त्याच्या हातचं. एक वस्तू सोडून.

कागदावर हे इंजिन एकशेवीस हॉर्सपॉवरचं होतं. ताकद मोजायच्या रोलरवर, म्हणजे डायनोवर, गाडी चढवली तेव्हा चाकांपर्यंत पोचताना होणारी सगळी घट धरूनही एकशे एक आले. दुसऱ्यांदा एकशे एक. तिसऱ्यांदा शंभर.

तीन आठवडे त्यानं काय काय केलं ते अभिराजनं भराभर सांगितलं. चारही सिलिंडरांत कॉम्प्रेशन सारखं होतं. पेट्रोल नीट पोचत होतं. कार्बोरेटरचे जेट तीनदा बदलले होते. सायलेन्सर काढून गाडी पळवली होती आणि अख्ख्या उद्यमनगराच्या शिव्या खाल्ल्या होत्या. इंजिन दोनदा तळापर्यंत उघडलं होतं.

त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तो खोटं बोलणारा मुलगा नव्हता. कोल्हापुरातून इंजिनिअर होऊन पुण्याची नोकरी नाकारून परत आला होता, आपल्या मातीतही उत्तम इंजिन घडतं हे दाखवायला. त्याला फक्त थांबता येत नव्हतं.

“म्हंजे सगळं बरोबर हाय,” वस्ताद म्हणाले.

“सगळं. म्हणून उरतो तो कॅम.”

कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. त्याचे उंचवटे कुठं चढतात, कुठं उतरतात, यावर इंजिनाचा श्वास चालतो. हीच एक वस्तू अभिराजनं दुसऱ्याकडून घासून घेतली होती. सुबराव आयरेकरांकडून.

सुबराव तिथंच बसले होते. तेलाच्या उपड्या डब्यावर, टोपी हातात घेऊन.

गल्लीतली रीतच तशी होती. दोन कारागिरांचं पटेना की गाडी ढकलत वस्तादांच्या दारात आणायची आणि दोघांनीही समोर बसायचं. वस्ताद बोलतील ते शेवटचं. कुणी लिहून घेत नसे. तशी वेळच येत नसे.

पण अभिराज त्या दिवसापर्यंत थांबला नव्हता. चहाच्या गाड्यावर तो आधीच बोलून बसला होता. सुबरावअण्णांची नजर गेली, हात थकला, आता त्यांनी घरी बसावं. आकसानं नाही. त्याला ते खरं वाटत होतं, आणि खरं वाटलेलं तो पोटात ठेवत नसे. सुबराव कॅम घासत आणि गाडीत बसवूनही देत, त्यामुळं त्यांच्या दारात नेहमी तीन-चार गाड्या असायच्या. त्या आठवड्यात दोन हलल्या आणि पलीकडच्या गल्लीत जाऊन लागल्या. तिसरीचा मालक ‘बघू’ म्हणाला, आणि बघायला आला तो गाडी न्यायलाच.

आता वस्तादांनी अभिराजच्या बाजूनं नुसती मान हलवली असती तरी चौथी गाडी त्या दारात आली नसती.

“सुबराव, तू काय म्हणतोस?”

“मी काय म्हणणार, वस्ताद... मापांचा कागद दिला तसा घासला.”

“कागद बरोबर होता,” अभिराज म्हणाला.

“मी कुठं चूक म्हणालो?”

“कॅम आठ डिग्री मागं पडतोय, अण्णा. एकदा नाही, नऊ वेळा मोजलाय. नऊही वेळा आठ.” मग वस्तादांकडं वळून त्यानं पुढचं सांगितलं. ती आठ डिग्री त्यानं स्वतः कॅमचा गिअर फिरवून पुढं घेतली होती. तरीही ताकद आली नाही, त्याअर्थी घासकामच मुळात बिघडलेलं होतं.

सुबराव टोपीच्या आत पाहत राहिले.

“आठ,” वस्ताद म्हणाले. “कशापासनं आठ?”

“टॉपपासून.”

पिस्टन सगळ्यात वर येतो ती जागा म्हणजे टॉप. व्हॉल्व्ह कधी उघडायचा, ठिणगी कधी पडायची, सगळं तिथून मोजतात. इंजिनाच्या तोंडाशी एक पुली असते. त्या पुलीवर टॉपची खूण असते, आणि ती ब्लॉकवरच्या काट्यासमोर आली की पिस्टन टॉपला आला असं समजायचं.

“ह्यो टॉप कुणी काढला?”

“मी. खूणही मीच कोरली.”

खूण सुरेख होती. केसासारखी बारीक, आत लाल रंग भरलेला. वस्तादांनी खाली वाकून ती पाहिली.

“झकास. कशी काढलीस?”

पहिल्यांदाच अभिराजचा वेग जरा कमी झाला. ठिणगीच्या प्लगचं भोक तिरकं होतं. त्यात पिस्टनची उंची मोजायचं गेज सरळ बसत नव्हतं, त्यासाठी वेगळा जोड बनवावा लागला असता. जोडणीचा पहिलाच आठवडा होता, पुढं डोंगराएवढं काम होतं. म्हणून त्यानं भोकातून एक सळई सोडली, टोकावर बोट ठेवलं आणि पुली फिरवली. सळई वर आली, आणखी वर आली, थांबली. तिथं खूण केली.

“थांबलेली हाताला कळतेच की, वस्ताद.”

“कळती की.”

वस्ताद उठले. चारही प्लग त्यांनी काढायला लावले आणि एक सळई अभिराजच्या हातात दिली.

“सोड आत. बोट ठेव.”

त्यांनी पुली सावकाश फिरवायला घेतली.

“थांबली?”

“थांबली.”

पुली आणखी थोडी फिरली.

“आता?”

“थांबलीय.”

आणखी थोडी.

“आता?”

“थांबलेलीच आहे...”

अभिराजनं पुलीकडं पाहिलं. लाल खूण काट्याच्या बरीच पुढं निघून गेली होती.

टॉपच्या आसपास पिस्टन जवळजवळ जागचा हलत नाही, पुली तेवढी फिरत राहते. हे अभिराजला माहीत होतं. परीक्षेत त्यानं याचं समीकरण मांडून दाखवलं होतं, पूर्ण गुण मिळाले होते.

“मग ह्यातला टॉप कुठला?”

“अर्ध्या तासात गेजचा जोड बनवतो,” अभिराज म्हणाला. “मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं गेज आहे माझ्याकडं.”

“ऱ्हाऊ दे.”

वस्तादांनी फळीवरच्या डब्यातून एक जुना प्लग काढला. त्याच्या पोटातलं सगळं काढून टाकलेलं होतं आणि मधून एक लांब बोल्ट आरपार घातला होता. तो त्यांनी पहिल्या सिलिंडरच्या भोकात पिळून बसवला.

अभिराज पुढं झाला. “वस्ताद, हा बोल्ट आत उतरला तर पिस्टन वर येणारच नाही.”

“न्हाईच यायचा.”

“पण आपल्याला टॉप शोधायचाय ना?”

“म्हणूनच त्याला टॉपला जाऊ द्यायचा न्हाई.”

डब्यावर बसलेले सुबराव हसले. तो दिवसभरातला त्यांचा पहिला आवाज, जो कुणी विचारलं म्हणून आला नव्हता.

“मीबी असाच बघत बसलो होतो,” ते म्हणाले. “ह्याच जागेवर. तेवीस वर्षांचा होतो.”

अभिराजला ते आवडलं नाही. पण त्यानं पाना घेतला.

“हातानं. हळू. अडला की सोड.”

पुली फिरली आणि अडली. पिस्टन बोल्टला टेकला होता. काट्यासमोर वस्तादांनी खडूची रेघ ओढली.

“आता उलटा.”

“इंजिन उलटं फिरवत नाहीत.”

“पेट्रोलवर न्हाईत फिरवत. हातानं फिरीव.”

अभिराजनं पाना उलटा धरला. जवळजवळ पूर्ण एक फेरा झाला आणि पुली पुन्हा अडली. पिस्टन दुसऱ्या बाजूनं येऊन त्याच बोल्टला, त्याच उंचीवर टेकला होता. खडूची दुसरी रेघ.

वस्तादांनी खिशातून दोरा काढला. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत तो पुलीच्या कडेवर घट्ट धरला, तेवढाच तोडला आणि दुमडून निम्मा केला. निम्मा दोरा जिथं संपला तिथं तिसरी रेघ ओढली.

तिसऱ्या रेघेत आणि त्या सुरेख लाल खुणेत करंगळी बसेल एवढं अंतर होतं.

अभिराजनं अंश मोजायची चकती आणली. आकडा काय येणार हे त्याला कळलं होतं. तरी त्यानं मोजला.

आठ.

तो जमिनीवरच बसला. हिशोब डोक्यात आपोआप जुळत गेला. कॅम पहिल्या दिवसापासून बरोबर होता. बरोबर असलेला कॅम त्यानं आठ डिग्री फिरवून चुकीचा केला होता. ठिणगीही त्याच खुणेवरून लावलेली, म्हणजे तीही आठ डिग्री आधी पडत होती. एकाच रेघेनं दोन्हीकडून इंजिनाचा गळा धरला होता, आणि तो मात्र तीन आठवडे सगळीकडं चोर शोधत फिरला.

“नऊ वेळा मोजलं मी...”

“खूण किती वेळा मोजलीस?”

मग अभिराज उठला. सुबरावांसमोर जाऊन त्यानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

“चुकलं माझं, अण्णा. कॅम बरोबर होता.”

“असू दे. झालं ते झालं.” सुबरावांनी टोपी डोक्यावर घातली.

फार वेळ खजील होऊन बसणं अभिराजच्या स्वभावात नव्हतं, आणि इंजिनाचं दुखणं सापडल्यावर कुणी बसूही नये. त्यानं बाह्या वर केल्या. कॅम परत आठ डिग्री मागं घ्यायचा, ठिणगी नव्या रेघेवरून लावायची. दोन तासांचं काम. संध्याकाळपर्यंत डायनो. आज गुरुवार होता. रविवारी घाटात चढाईची शर्यत होती, आणि अकरा महिने तो त्याच एका दिवसासाठी जगला होता.

“वस्ताद, एकशेवीस येणार. बावीससुद्धा येतील.”

“येतील की,” वस्ताद म्हणाले. त्यांना खरंच शंका नव्हती. “इंजिन चांगलं बांधलंयस. हात चांगला हाय तुझा.”

अभिराजला एवढं पुरेसं होतं. त्यानं गाडीचं दार उघडून स्टिअरिंग धरलं. “मग ढकलू डायनोकडं? टायमिंग तिथंच लावतो.”

वस्ताद चिंधीला हात पुसत दाराशी आले. तिरप्या समोर सुबरावांचं दुकान दिसत होतं. शटर वर होतं, आतला दिवा चालू होता. पुढची जागा रिकामी. रस्त्यानं जाणारा एक ओळखीचा फिटर त्या रिकाम्या जागेकडं पाहून पुढं गेला.

“टायमिंग सुबरावकडनं लावून घे,” वस्ताद म्हणाले. “त्याच्या दारात.”

“मला येतं की लावायला. पण ठीक आहे, अण्णांच्या हातून होऊ दे.” त्यानं घड्याळ पाहिलं. “अण्णा, किती वेळ लागेल?”

“दोन तास,” सुबराव म्हणाले. ते आयुष्यभर खरं तेच सांगत आले होते.

वस्तादांनी ते ऐकलं नसावं, किंवा ऐकूनही सोडून दिलं असावं.

“चार दिवस लागतील,” ते म्हणाले.

“चार?” अभिराजनं बोटांवर दिवस मोजले. “वस्ताद, रविवारी शर्यत आहे. तीन आठवडे शोधले तेव्हा आज कुठं घोडे सापडले. आणि आता पळवायचे नाहीत?”

“पळीव की,” वस्ताद म्हणाले. “आधी सोमवारपतुर सुबरावच्या दारात उभे ऱ्हाऊ देत.”